आठ पेट्या, पंधरा लाख आणि मीडचा धंदा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या कासारवडवलीत राहणारे एक गृहस्थ काही वर्षांपासून हौसेने सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी, मधमाश्या पाळतात. सहा पेट्या मुरबाडला काकांच्या वाडीत आहेत, दोन येऊरच्या पायथ्याशी मित्राच्या आवारात. मध ८०० रुपये किलोने ओळखीतच संपतो. घरी पाच लिटरच्या बरणीत त्यांनी मीड, म्हणजे मध आंबवून केलेली वाईन, करून पाहिली आणि ती मित्रांना आवडली. आता हाताशी १५ लाख आहेत. नोकरी सोडून महापे किंवा रबाळ्याला गाळा घ्यायचा विचार आहे. परवाना कसा काढायचा, यीस्ट कोणते वापरायचे आणि पेट्या किती वाढवायच्या, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी मधमाश्या पाळते आणि बरीच वर्षे एका वायनरीच्या आंबवणी विभागात काम केले आहे, त्यामुळे या धंद्याच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते, पण तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न आधी घेते: तुमच्या पेट्यांतला मध मीडमध्ये घालणे परवडते का? माझ्या मते सगळा निर्णय तिथे होतो. बाकी पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. भांडवलात भागीदार आहे का, दोन-तीन वर्षे घर दुसऱ्या उत्पन्नावर चालेल का, मुरबाडची जागा कोणाच्या नावावर आहे, घरच्यांना मद्याचा धंदा मान्य आहे का, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. मधाचे गणित मात्र सगळ्यांना सारखेच.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरची बरणी आजच बंद करा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते पाच लिटर असो, स्वतःपुरते असो किंवा फुकट वाटलेले असो. 'घरगुती वाईनला चालते' असे पुष्कळजण सांगतील, त्यावर विसंबू नका. उद्या तुम्ही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज घेऊन जाणार आहात. अर्जदाराच्या नावावर आधीच गुन्हा असेल तर तो अर्ज पुढे सरकणे कठीण आहे. शिकायचे असेल तर परवानाधारक ठिकाणी शिका. पुण्याजवळ मूनशाइन आणि नाशिकला सेराना अशा मीड करणाऱ्या कंपन्या आहेत, नाशिक-सांगली भागात वायनरी आहेत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे रीतसर शिक्षण मिळते. एखाद्या वायनरीत हंगामभर टाक्या धुवायचे काम मिळाले तरी करा. या धंद्यातला निम्मा वेळ धुण्यातच जातो आणि ते अंगवळणी पडल्याशिवाय पुढचे काही जमत नाही.

आता गणित. एक किलो मध पाण्यात विरघळवून एकूण सहा लिटर द्रव केला, तर त्याची घनता साधारण १.०४९ येते. यीस्टने सगळी साखर संपवली की सुमारे साडेसहा टक्के मद्यार्काची हलकी मीड तयार होते. बीअरच्या आकाराच्या बाटलीत थंड करून प्यायची, बुडबुड्यांची मीड ती हीच. तोच एक किलो मध तीन लिटरमध्ये घेतला तर घनता १.०९७ पर्यंत जाते आणि पावणेतेरा टक्क्यांची, वाईनसारखी सावकाश प्यायची मीड होते.

तुमच्या आठ पेट्या घ्या. सातेरीची पेटी चांगल्या वर्षी पाच-सात किलो देते, वाईट वर्षी दोनसुद्धा नाही. सरासरी पाच धरली तर वर्षाला ४० किलो. त्याची हलकी मीड २४० लिटर. तळाचा गाळ, गाळणीतली नासधूस, तपासणीचे नमुने वजा केले की ३३० मिलिच्या सुमारे ६५० बाटल्या. म्हणजे एका बाटलीत ६० ग्रॅमच्या आसपास मध. हाच ६० ग्रॅम मध आज तुम्ही ओळखीत पन्नास रुपयांना विकता, तोही उत्पादन शुल्काच्या एकाही कागदाशिवाय. बाटलीत तो पन्नास रुपयांचा कच्चा माल होतो. त्यावर काच, बूच, लेबल, वीज, मजुरी, शुल्क, व्हॅट, घाऊक विक्रेत्याचा आणि दुकानदाराचा वाटा चढतो. गिऱ्हाईक शेवटी ती बाटली बीअरच्या शेजारी ठेवून किंमत बघते. सातेरीच्या मधाचा हा सगळ्यात तोट्याचा उपयोग आहे.

दुसऱ्या टोकाकडून बघा. एक हजार लिटरची टाकी, म्हणजे या धंद्यातली लहान टाकी, भरायला १६५ ते १७० किलो मध लागतो. तुमच्यासारख्या तेहतीस-चौतीस पेट्यांचे वर्षभराचे उत्पन्न एका भरण्यात संपले. वर्षात ती आठ वेळा भरली तर तेराशे किलोच्या वर मध हवा, म्हणजे पावणेतीनशे पेट्या. माझ्या अनुभवात मुरबाड-शहापूरच्या रानात एका जागी पंधरा-वीसच्या वर सातेरी पेट्या ठेवल्या की फुलोरा कमी पडतो. माश्या पेटी सोडून निघून जातात, कमजोर वसाहतीत मेणकिडा शिरतो. तेव्हा पेट्या वाढवून टाकी भरायचा विचार सोडून द्या. हलक्या मीडचा धंदा विकतच्या मधावर चालतो. राजस्थानातला मोहरीचा, बिहारमधल्या मुझफ्फरपूरकडचा लिचीचा असा मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या, माश्यांचा मध पिंपांनी मिळतो, सातेरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि एका पिंपाची चव दुसऱ्याच्या जवळपास असते. मोहरीचा मध लवकर कणीदार होतो, त्याने बिघडत काही नाही, कोमट करून विरघळवायचा.

विकतच्या मधात फसवणूक होते, हे मात्र धरूनच चाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचे मध तपासून घेतले होते, त्यांतले १० एनएमआर चाचणीत, म्हणजे मधातली भेसळ ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत, नापास झाले. साखरेचा पाक मिसळलेला मधही छान आंबतो, म्हणून टाकीत ते लक्षात येत नाही. लक्षात येते ते पेल्यात. मद्यार्क असतो आणि त्याच्या मागे काहीच नसते, ना वास ना रेंगाळणारी चव. प्रत्येक पिंपाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि एका पिंपाचा अहवाल दुसऱ्या पिंपाला चालवून घेऊ नका.

मग तुमच्या सातेरीचे काय करायचे? तिथे मला खरी संधी दिसते. तुमच्या भागात मार्च-एप्रिलला जांभूळ आणि करंज फुलतात. पावसानंतर मुरबाड, शहापूर, जव्हारकडच्या उतारांवर खुरासणी पिवळीधमक होते. खाडीकाठी उन्हाळ्यात तिवर फुलतो. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो, आंबवल्यावर तो कडवटपणा सुंदर उतरतो. अशा एकाच फुलोऱ्याच्या मधाची, कमी प्रमाणात केलेली, बारा टक्क्यांच्या आसपासची मीड मोठ्या बाटलीत महाग विकता येते. शंभर लिटरला ३१-३२ किलो मध लागेल, ७५० मिलिच्या सव्वाशे-एकशेतीस बाटल्या होतील. एका बाटलीत पाव किलोच्या जवळपास मध गेला तरी तिची किंमत तो खर्च पेलते. कारवीवर मात्र बेत आखू नका. येऊर आणि बोरिवलीच्या डोंगरांत २०१६ साली मोठा बहर आला होता, पण कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तिचा मध इतका वेगळा की भारतीय मध-मानकांत त्याच्या साखरेच्या घटकांना स्वतंत्र मर्यादा दिली आहे. मिळाला तर सोने समजा आणि मध म्हणूनच विका.

आजूबाजूच्या पाड्यांवरचे कातकरी आणि ठाकूर मधसंकलक आग्या माशीचा मध काढतात. वनहक्क कायदा २००६ मध्ये मध हे गौण वनोपज आहे, त्यामुळे खरेदी ग्रामसभेला धरून, पावतीवर करा. या मधात पाण्याचा अंश बऱ्याचदा २० टक्क्यांच्या वर जातो आणि तो मध म्हणून विकायच्या मानकात बसत नाही. मीडमध्ये आपण पाणीच घालणार असतो, त्यामुळे तिथे हा दोष उरत नाही. अट एकच, मध पिंपात आंबायच्या आत टाकीत गेला पाहिजे. पोळे पिळून काढलेल्या मधात पिलावा, म्हणजे माश्यांची अंडी-अळ्या, आणि परागकण मिसळतात, त्याला वास येतो. फक्त मधाचा भाग कापून गाळलेला मध हवा असे सांगा आणि त्याचा जास्त भाव द्या. पोळ्याचा पिलाव्याचा भाग तसाच राहिला तर माश्याही वाचतात. ठाण्याच्या मीडला नाव मिळवून द्यायचे असेल तर ते या मधातून मिळेल, असे मला मनापासून वाटते.

पाण्याच्या अंशाचा विषय निघालाच आहे तर स्वतःच्या मधाबद्दलही ऐका. आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे सातेरीचा मध पातळ असतोच. चौकटीतली किमान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका. मधातले पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो महाग नाही, आणि प्रत्येक काढणीचा आकडा तारखेसह वहीत लिहा. मे महिन्यात वळवाची चाहूल लागायच्या आत काढणी उरका आणि डबे घट्ट लावा, कारण उघडा मध हवेतले पाणी ओढतो. पावसाळ्यात तुम्ही साखरपाक देत असालच, द्यायलाच हवा. पण तेव्हा वरची मधकोठी पेटीवर ठेवू नका, नाहीतर पाकच मध म्हणून साठतो आणि मधाच्या चाचणीत तुम्ही स्वतः नापास व्हाल.

आता यीस्ट. ७१बी, डी४७, ईसी-१११८ ही नावे तुम्ही वाचली असतीलच. डी४७ थंड प्रदेशातल्या लोकांना फार आवडते, पण वीस अंशांच्या वर गेले की त्यातून जड, घसा जाळणारे अल्कोहोल तयार होतात. आपल्या गाळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीला टेकतो आणि आंबवणारी टाकी स्वतःही उष्णता सोडते. ७१बी जरा सोशिक आहे, सुरुवात त्याने करा. पण यीस्टची निवड ही दुय्यम गोष्ट आहे. थंड पाणी फिरवणारे जॅकेट असलेली टाकी आणि चिलर यांना पर्याय नाही, आणि १५ लाखांतला मोठा वाटा तिथेच जाईल. मधात नायट्रोजन फारच कमी असतो, त्यामुळे यीस्ट उपाशी राहते आणि कुजक्या अंड्याचा वास सोडते. पोषक द्रव्ये एकदम न घालता पहिल्या काही दिवसांत हप्त्याहप्त्याने घाला. आम्लता रोज मोजा, कारण मधाचे पाणी लवकर आंबट होते आणि मग यीस्ट अडकते. गोड मीड बाटलीत भरायची असेल तर उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबणार नाही याची खात्री हवी. त्यासाठी पाश्चरीकरण करा किंवा बारीक गाळणी आणि मान्य परिरक्षक वापरा. ही खात्री नसलेली बाटली दुकानाच्या फळीवर फुटते आणि कोणाच्या तरी डोळ्याला इजा होते. इथे हयगय करणाऱ्याने हा धंदा करू नये.

परवान्याकडे येते. महाराष्ट्रात मीड वाईनच्या चौकटीत येते. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ठाणे जिल्हा अधीक्षक कार्यालयातून सुरू होतो, आणि वाईन उत्पादनाला १९६६ चे नियम लागू आहेत. जागेचा नकाशा, कागदपत्रे, यंत्रांची यादी आधी द्यावी लागते. म्हणजे परवाना येण्याआधी जागा हातात हवी, आणि भाडे तेव्हापासून सुरू होते. त्याखेरीज एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमन दलाचा दाखला आणि प्रत्येक लेबलची नोंदणी. एका चवीचे दोन आकार म्हणजे दोन लेबले. टाक्या धुतलेल्या पाण्यात यीस्टचा गाळ असतो, तो सरळ गटारात सोडता येत नाही. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, महापे-रबाळ्याला गाळा घेण्याआधी एमआयडीसीकडून लेखी विचारा की त्या भूखंडावर आंबवणीचा उद्योग चालतो का. दलालाच्या तोंडी होकारावर अनामत रक्कम देऊ नका. मला विचाराल तर एवढ्या भाड्याच्या पट्ट्यात हा उद्योग सुरू करू नये. मीडला वेळ लागतो, आणि टाकीत पडून असलेली मीड रोज भाडे खाते.

दोन गोष्टी बहुतेकांच्या हिशोबात सुटतात. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे बाटली, लेबल, यंत्रे, चिलर यांवर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. आणि मद्याची जाहिरात करता येत नाही. तुम्ही मधाचे फोटो टाकून गिऱ्हाईक जोडलेत तसे मीडचे जोडता येणार नाही. दुकानदार आणि बारमालक यांच्याकडे पायी फिरून, चव देऊन विक्री बांधावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर मोठा विरोध झाला. अशा निर्णयांवर विक्रीचा आराखडा बांधू नका.

या सगळ्यात १५ लाख पुरतील का? स्वतःचा कारखाना उभारून, परवाना येईपर्यंत भाडे भरून, पहिला माल विकून पैसे हातात येईपर्यंत पुरणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दुसरी वाट आहे आणि ती मला जास्त शहाणपणाची वाटते. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्यानंतर वायनरीतल्या टाक्या जसजशा रिकाम्या होतात तसतशी वर्षाच्या उत्तरार्धात तिथे जागा मोकळी होते. द्राक्ष थांबत नाही, मध थांबतो. एप्रिलचा जांभळाचा मध तुम्ही ऑक्टोबरमध्ये त्यांच्या टाकीत घालू शकता. त्यांचा परवाना, त्यांचा चिलर, त्यांचे बाटलीभरण आणि तुमचा मध व तुमचे नाव, असा करार करता येतो. लेबल आणि करार दोन्ही उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. करारात तीन गोष्टी नीट लिहून घ्या: मीड बिघडली तर मधाची किंमत कोण सोसणार, कृती कोणाच्या मालकीची आणि उरलेली मीड कोणाची. नफा कमी राहील, पण मीड खपते की नाही हे टाकी विकत न घेता कळेल.

नोकरीचे म्हणाल तर निदान दोन हंगाम सोडू नका. पहिल्या हंगामात मधाचे काम नीट बसवा. एफएसएसएआय नोंदणी करा आणि मधमाशीपालकांच्या नोंदणीच्या सरकारी मधुक्रांती पोर्टलवर नाव नोंदवा. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाच्या योजना त्याच वाटेने येतात. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत एखादे प्रशिक्षण घ्या, तिथल्या ओळखी पुढे मध खरेदीला उपयोगी पडतात. दुसऱ्या हंगामात वायनरीशी करार करून एक लहान भरणे करा.

पेट्या आठाच्या सोळा करा, त्याहून जास्त इतक्यात नको, आणि दोन जागांत विभागा. येऊरच्या दोन पेट्यांजवळ महापालिकेची धूरफवारणी कधी होते ते विचारून ठेवा आणि त्या संध्याकाळी पेट्यांची दारे जाळीने बंद करा. येत्या एप्रिलपासून प्रत्येक फुलोऱ्याचा मध वेगळा काढा, एकमेकांत मिसळू नका. प्रत्येकाचे दोन किलो घट्ट डब्यात, जागा, तारीख आणि पाण्याचा अंश लिहून बाजूला ठेवा. वायनरीचा माणूस करारावर बोलण्याआधी तेच डबे मागेल.